टाकीबाईंची शिंगं

टाकीबाईंना खरं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. उभी नोकरी त्यांनी बंदरावरच्या मत्स्यालयात काढली आणि गावाने त्यांना पहिल्या वर्षातच टाकीबाई करून टाकलं. दुकानदार टाकीबाई म्हणत, दातांचे डॉक्टर टाकीबाई म्हणत, आणि एकदा मतदान केंद्रावरच्या बाईने यादीतही तेच नाव शोधायला घेतलं होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. माणसाला कामावरून हाक मारली तर निदान तो काम करतो एवढं तरी सिद्ध होतं, असं त्यांचं मत.

मत्स्यालय म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. बंदरावरच्या जुन्या गोदामात मधोमध भिंत घालून दोन भाग केलेले. पुढचा भाग लोकांचा: अंधार, निळा उजेड, काचेला नाक लावलेली पोरं. मागचा भाग टाकीबाईंचा: ओली फळकुटं, पाइपांचं जाळं, घरघरणारे पंप, आणि हात लावाल तिथे मिठाची पुटं. चष्म्यावर पुट, कुलपावर पुट, डब्याच्या झाकणावर पुट. पुढून बघणाऱ्याला वाटे, आत समुद्र आहे. मागून बघणाऱ्याला कळे की आत पाणी आहे आणि ते कोणीतरी सतत गाळत, तपासत, बदलत असतं. ते कोणीतरी म्हणजे टाकीबाई. गमबूट, रबरी ॲप्रन, बाह्या कोपरापर्यंत वर. हातांची कातडी मिठाने अशी फाटलेली की थंडीत मुठी वळत नसत.

पोरांची गर्दी अर्थात वाम माशाच्या टाकीपाशी. दात विचकणारं काही असलं की पोरांना दुसरं काही नको असतं. सगळ्यात शेवटची, आग विझवायच्या बादल्यांशेजारची टाकी मात्र कायम मोकळी. तिच्यात शिंगं होती.

पाटीवर लिहिलेलं, "सांबरशिंगी प्रवाळ. सजीव." ते 'सजीव' वाचून रोज कोणी ना कोणी विचारायचंच, "सजीव कसलं? हे तर हलतही नाही."

"तुम्हीही मघापासून हलला नाहीत," टाकीबाई म्हणायच्या, आणि मग सांगायला लागायच्या. हे झाड नाही आणि नुसता दगडही नाही. फांदीवर हे जे पुळीएवढे उंचवटे दिसतात ना, तो प्रत्येक उंचवटा म्हणजे एक प्राणी. त्याला तोंड आहे, तोंडाभोवती इवलेइवले हात आहेत. असे हजारो जण शेजारीशेजारी. पाण्यातला चुना काढून प्रत्येक जण आपल्या बुडाखाली दगडाचं घर बांधतो आणि ती घरं एकमेकांना चिकटून ही फांदी होते. टोकाला फिकट निळसर ठिपका आहे तो सगळ्यात पुढचा गडी, त्याच्यामुळे फांदी लांब होते. रंग त्यांचा स्वतःचा नाही. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला जेवू घालतं. तपकिरी रंग त्या भाडेकरूचा.

"असं होय," पाहुणा म्हणायचा, आणि पुढचा प्रश्न ठरलेला. "पण मग हे पांढरं कधी होतं?"

"मेल्यावर," टाकीबाई म्हणायच्या आणि मागच्या दाराने आत जायच्या.

पाहुण्यांचा तरी काय दोष? गावातल्या प्रत्येक शोकेसमध्ये शिंगं होती आणि ती पांढरीशुभ्र होती. बंदरावरच्या दुकानांत टांगलेली शिंगंही पांढरीच. शिंगं म्हटली की पांढरी, हे गावात दूध पांढरं असण्याइतकं पक्कं होतं.

आणि गावाला ती पुरवली कोणी, हेही सांगून टाकायला हवं. टाकीबाईंच्या बाबांनी. एकट्यांनी नव्हे, पण बाबा त्यातले पटाईत. त्यांची एक होडी होती. सुट्ट्यांमध्ये पाहुणे आले की त्यांना खाडीबाहेरच्या खडकांवर न्यायचं, पाण्याखालचं शिंगांचं रान दाखवायचं, आणि ओहोटीला छातीएवढ्या पाण्यात उतरून चारदोन चांगली शिंगं पहारीने तोडून आणायची. घरी ती ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात मुरवायची, गच्चीवर वाळवायची, दुकानांना द्यायची. मुली दोन. धाकटीला बाबा होडीत न्यायचे. थोरली, म्हणजे ताई, गच्चीवरचं बघायची. ही वाटणी कोणी केली, कधी केली, कोणालाच सांगता आलं नसतं. घरातल्या बऱ्याच वाटण्या अशाच होतात.

धाकटी तेव्हा टाकीबाई नव्हती, बारकी होती. ताई तर तिला आजही बारकीच म्हणते. बारकी होडीच्या टोकाशी पालथी पडून असायची. खडकावर आलं की बाबा वल्ही आत घ्यायचे आणि खिशातली बाटली काढून पाण्यावर तेलाचे थेंब सोडायचे. तेल पसरायचं तसतशा बारीक लाटा निजायच्या आणि होडीच्या कडेला एक गुळगुळीत खिडकी उघडायची. त्या खिडकीतून जे दिसलं ते बारकीला पुढे उभ्या जन्मात कोणाला नीट सांगता आलं नाही. मधाच्या रंगाच्या फांद्या, फांदीत अडकलेल्या फांद्या, नजर पोचेल तिथवर, आणि टोकाटोकाला तो निळसर उजेड. फांद्यांमधून बोटाएवढे मासे बाहेर यायचे आणि होडीची सावली पडली की सगळे एकदम आत, जणू कोणी मूठ मिटली. आणि पाण्याखाली शांतता असते असं ज्यांना वाटतं त्यांनी होडीच्या तळाला कधी कान लावलेला नसतो. गरम तव्यावर मीठ टाकावं तशी अखंड तडतड चालू असायची, आणि मधूनच पोपटमाशांनी दगड कुरतडल्याची करकर. बारकी तो आवाज ऐकत ऐकत झोपून जायची. बाबा फार बोलत नसत. "थोरल्या शिंगांवरून डावीकडे," एवढं स्वतःशीच पुटपुटत. गावातले होडीवाले खडकाच्या खुणांवर होड्या हाकत. थोरली शिंगं, वाकडी शिंगं, म्हातारीची कंबर, अशी त्या खुणांची नावं. आता ती नावं घेणारे उरले नाहीत, आणि कोणी घेतली तरी खाली दाखवायला काही नाही.

बारकी मोठी झाली, मत्स्यालयात लागली. तेव्हाचे मोठे साहेब जरा हट्टी होते. त्यांना टाकीत जिवंत शिंगं हवी होती. लोक हसले. टाकीबाईंनी घरी येऊन बाबांना सांगितलं, तेही हसले, पण दुसऱ्या दिवशी बादलीत बोटभर काडी घेऊन मत्स्यालयाच्या दारात उभे राहिले. ती मेली. दुसरीही मेली. तिसऱ्या काडीला टाकीबाईंनी चुन्याची निवळी थेंबाथेंबाने पाजली, दिव्याची उंची रोज बदलून बघितली, आणि ती जगली. एवढंच नाही, वाढत सुटली. दर वर्षी काचेला टेकणारी टोकं छाटावी लागायची.

मग तो उन्हाळा आला. समुद्राचं पाणी आठवडेच्या आठवडे कोमट राहिलं. खडकावरची शिंगं पांढरी पडली, टोकापासून बुंध्यापर्यंत, झाडून सगळी. आणि गावाने काय केलं? गाव खूश झालं. जी शिंगं पावडर घालून पांढरी करावी लागायची ती समुद्रातच पांढरी झाली होती. होडीवाल्यांची चंगळ झाली, पाहुण्यांची रीघ लागली, बाबांना जेवायला उसंत मिळेना. टाकीबाईही सुट्टीच्या दिवशी बघून आल्या आणि त्यांनाही ते सुंदर वाटलं. निळ्या पाण्याखाली पांढरं रान. मोठ्या साहेबांना कौतुकाने सांगायला गेल्या तर साहेब खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "उपाशी आहेत ती. भाडेकरू सोडून गेले." त्याच दिवसापासून टाकीबाई बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून, पिशवीत बांधून आपल्या टाकीत सोडायला लागल्या. टाकी वाचली. बाहेर थंडी येईपर्यंत त्या पांढऱ्यावर हिरवा बुळबुळीत थर चढला, पुढच्या वर्षी फांद्या ढासळल्या, आणि राहिला तो नुसता मलबा. तडतड बंद झाली. पाहुणे फिरकेनात. बाबांनी होडी काढून टाकली आणि त्यानंतर ते बंदराकडे पाठ करून बसायला शिकले.

म्हणजे त्या अख्ख्या खडकातलं जिवंत असं जे काही जगात उरलं होतं, ते आग विझवायच्या बादल्यांशेजारी.

टाकीबाई निवृत्तीला आल्या त्याच सुमारास मत्स्यालय पाडून बंदराचा रस्ता रुंद करायचं ठरलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. गोदाम गळत होतं, पाइप कुजले होते, त्या स्वतःही काही नव्या राहिल्या नव्हत्या. मासे शहरातल्या बड्या मत्स्यालयाने नेले. वाम गेली ती हमालाच्या हातमोज्याचा तुकडा तोंडात घेऊनच. शिंगांना मात्र कोणी हात लावेना. नाजूक काम, लांबचा प्रवास, त्यातून दिसायला तपकिरी.

शेवटी किनाऱ्यावर बरंच पुढे असलेल्या सागरी संशोधन केंद्रातल्या डॉक्टर बाई तयार झाल्या. माणसांच्या नव्हे, प्रवाळांच्या डॉक्टर. तिथले लोक समुद्रात दोऱ्या ताणतात, त्यांना शिंगांच्या काड्या बांधून वाढवतात आणि मोठ्या झाल्या की मेलेल्या खडकावर लावतात. "तुमच्या खडकाचं वाण आमच्याकडे मुळीच नाही," त्या फोनवर म्हणाल्या, "सोमवारी मी स्वतः गाडी घेऊन येते." पण वीज तोडणार होते शुक्रवारी, आणि नवे साहेब त्यात काही करू शकत नव्हते. निदान तसं म्हणत तरी होते.

"मग मी घरी नेते," टाकीबाई म्हणाल्या.

"घरी कुठे ठेवणार?"

"न्हाणीघरात. टब आहे आमच्याकडे."

साहेब काही बोलायच्या आत दारात उभा असलेला तिकीटवाला गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नेऊ द्या हो साहेब. निवृत्तीला लोकांना घड्याळ मिळतं, आमच्या बाईंना शिंगं फुटली."

शुक्रवारी टाकीबाईंनी पक्कड घेतली आणि कपाटाएवढं वाढलेलं ते झाड तोडलं. झाड नव्हे, हे त्या जन्मभर लोकांना सांगत आल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांच्याही तोंडून झाडच निघालं. फांदी खडूसारखी कट्कन तुटायची आणि दर कट्कनला त्यांच्या दाढा आवळायच्या. जुना बुंधा मेलेला होता, तो तिथेच सोडला. जिवंत टोकं तेवढी घेतली. काही हातभर लांब, फाटे फुटलेली, डौलदार. बाकीची खुरटी, सावलीत वाढलेली, कुठे चेपलेली, कुठे वाकडी.

घरी ताई होती. ताई इस्पितळाच्या धुलाईखात्याची मुख्य होती. तिच्या देखत पिवळट चादर कधी वॉर्डात गेली नाही, असं तिथे अजून सांगतात. नवरा गेल्यावर ती बहिणीकडे राहायला आली आणि आठवडाभरात घराच्या भिंतींचा मूळ रंग कोणता होता ते कळलं. मायाळू बाई, पण हातात फडकं नसलं की अस्वस्थ. दोघींचं छान जमायचं. म्हणजे रोज भांडण व्हायचं आणि रोजचं रोज मिटायचं.

टबात पंप बुडबुडत होता, टॉवेलच्या दांडीला दिवा बांधला होता, आणि खाली शिंगं. ताई दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"मी आंघोळ कुठे करायची?"

"बादलीने कर."

"या वयात?"

"या वयात लोक पोहायला शिकतात. सोमवारपर्यंतचा तर प्रश्न आहे. केंद्रातल्या डॉक्टर बाई येणार आहेत, हे सगळं त्यांना द्यायचंय."

"डॉक्टर बाईंना? हे?" ताईने वाकून हुंगलं. "कुजक्या शिंपल्यांचा वास येतोय."

"मग नाक लावू नकोस."

त्यापुढे आणखी एक वाक्य टाकीबाईंनी बोलायला हवं होतं, ते बोलल्या नाहीत. टाकीला हात लावायचा नाही, हे सांगायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. भिंतीच्या मागच्या बाजूला त्यांच्याशिवाय कोणी येतच नसे.

रविवारी सकाळी त्या तिकीटवाल्याच्या स्कूटरवर बसून, पायांत कॅन धरून, धक्क्याच्या पलीकडे स्वच्छ पाणी आणायला गेल्या. बंदरातलं पाणी तेलकट, ते चालणार नव्हतं. परत यायला दुपार झाली. जिन्यातच वास आला. ब्लीचिंग पावडरचा. टाकीबाई क्षणभर थबकल्या आणि मग गुडघ्यांची तमा न बाळगता वर धावल्या.

न्हाणीघरात टबाला लागून ताईची धुण्याची मोठी बादली. तिच्यात हातभर लांब शिंगं, फाटे वर काढून, फेसात उभी. ताई स्टुलावर बसली होती, बाह्या वर, आणि तिचा चेहरा शाळकरी मुलीसारखा फुललेला.

"आलीस? बघ, हात अजून विसरले नाहीत. आणखी तासभर मुरली की गच्चीवर नेते. मोडलं एकही नाही."

टाकीबाईंनी बादलीत हात घालून एक फांदी काढली. तिच्यावरची तपकिरी कातडी सुटून बोटांना चिकटली आणि खालून पांढरा दगड निघाला.

"काय केलंस ताई हे?"

"म्हणजे? बाईंना द्यायचंय म्हणालीस ना? असं चिकट, घाणेरडं कोणी कोणाच्या हातात ठेवतं का? चांगली चांगली निवडून घेतलीत. ती खुरटी राहू दिलीत टबात, देण्यासारखी नाहीतच ती."

"जिवंत होती गं."

"कोण?"

"ही. ही सगळी."

ताईने बादलीकडे बघितलं, मग बहिणीकडे. मत्स्यालयातली ती पाटी तिने कितीदा वाचली होती. वाचलं होतं म्हणून कळलं होतं असं नाही. तिचा चेहरा हळूहळू विझत गेला.

पण रडायला किंवा ओरडायला सवड नव्हती. ताईने दोन खेपांत फांद्या उचलल्या होत्या, म्हणजे दुसऱ्या खेपेला हाताला लागलेलं पावडरचं पाणी टबात ठिबकलं असणार. टबातल्या खुरट्या काड्यांनी तोंडं घट्ट मिटून घेतली होती आणि अंगावर चिकटा सोडला होता. टाकीबाईंनी टब उपसायला घेतला. तिकीटवाल्याने कॅन वर आणले. ताईने न सांगता पावडरची बादली बाहेर नेली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, आणि दुसरी बादली घेऊन घाण पाणी नेऊन ओतायला लागली. टब काड्या बुडण्यापुरता भरला, पुन्हा उपसला, पुन्हा भरला. तिकीटवाला आणखी पाणी आणायला गेला. मग करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेव्हा भांडण झालं.

"इतकी वर्षं सांभाळलं मी ते. बर्फ घालून सांभाळलं."

"बाबा असंच करायचे," ताई म्हणाली. "मी बाबांसारखंच केलं."

"बाबांनी तेच केलं म्हणून तर ही वेळ आली."

"खडक उन्हाळ्याने गेला. तूच सांगत असतेस सगळ्या गावाला. आता सोयीचं नाही म्हणून बाबांवर ढकलू नकोस."

हे खरं होतं, म्हणून टाकीबाईंना जास्तच राग आला. "तुला काय कळणार? तू ती समुद्रात जिवंत कधी बघितलीच नाहीस. तुला बोट लागायची म्हणून तू घरी राहायचीस आणि..."

"मला बोट लागायची?" ताईने विचारलं. "कोणी सांगितलं?"

"आई म्हणायची."

"गच्चीवर कोणीतरी हवं होतं म्हणून म्हणायची. मला होडीत कधी बसवलंच नाही, तर लागणार कशी?" ताई टबाच्या कडेवर बसली. "तुम्ही दोघं यायचात, तुझे केस मिठाने कडक झालेले. जेवताना तू हातवारे करकरून सांगायचीस, मासे असे आत गेले न् तसे बाहेर आले. बाबा हसायचे. मला त्यातलं काही दिसायचं नाही. मला बाबा मिळायचे ते गच्चीवर. एकेक शिंग माझ्या हातात द्यायचे. आडवं नाही, उभं धर, टोक मोडेल. सावली सरकली की फिरव. आणि पांढरं निघालं की म्हणायचे, तुझ्या हाताला जे येतं ते मला जमत नाही. तेवढंच काय ते माझं होतं, बारके. आज सकाळी तुझ्या टबात ती बघितली आणि..." तिने वाक्य तिथेच टाकून दिलं आणि फडक्याने उगाच नळ पुसायला घेतला.

टाकीबाईंच्या तोंडाशी पुष्कळ काही होतं. होडीत आणखी एक माणूस मावत होता, हे त्यांना ठाऊक होतं. नेहमीच मावत होता. टोकाशी त्या एकट्या पालथ्या पडायच्या तेव्हा शेजारची जागा रिकामी असायची आणि तिथे त्या पाय पसरायच्या. त्यांनी दिवा जरा खाली बांधला आणि स्टूल टबाजवळ ओढलं.

सोमवारी सकाळी टबातल्या काही काड्यांची कातडी सुटली होती. त्या टाकीबाईंनी उचलून बाहेर काढल्या, नाहीतर त्यांच्यापायी बाकीच्या गेल्या असत्या. मग भिंग घेऊन त्या वाकल्या. ताईने टॉर्च धरला, न सांगता.

"ते काय, केसांसारखं?" ताईने विचारलं.

"हात. त्यांचे हात. तोंडं उघडताहेत."

ताई बघत राहिली. "प्रत्येकाला आहेत?"

"प्रत्येकाला."

"बादलीतल्यांनाही होते?"

टाकीबाई भिंग पुसायला लागल्या. ताईने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

डॉक्टर बाई आल्या त्या चिखलाच्या बुटांत, वयाने पोरसवदा. टाकीबाईंनी तोंड उघडायच्या आत ताईच पुढे झाली. "चूक माझी आहे. चांगली होती ती मी धुऊन टाकली. तिला काही बोलू नका."

डॉक्टर बाईंनी न्हाणीघरात डोकावून बघितलं. गच्चीवर वाळत असलेल्या पांढऱ्या फांद्याही बघितल्या. "मोठ्या फांद्या असत्या तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, "उगाच गोड बोलत नाही. या लहान आहेत आणि घाबरलेल्याही आहेत. काही जगतील, काही नाही. दोनेक महिन्यांनी सांगता येईल." त्यांनी एकेक काडी ओल्या खोक्यात ठेवली. टाकीबाई गाडीच्या खिडकीपर्यंत सूचना देत गेल्या: सकाळचं ऊन, संध्याकाळी झाकण, आणि चुन्याची निवळी विसरू नका.

"मावशी, समुद्रात निवळी कुठे घालू मी?" डॉक्टर बाई म्हणाल्या. ताई हसली. मग टाकीबाईही हसल्या, पण गाडी वळल्यावर त्या फाटकापाशी बराच वेळ उभ्या होत्या.

पांढऱ्या फांद्या ताईने व्यवस्थित वाळवल्या आणि कपाटावर ठेवल्या. त्या टाकून द्यायला दोघींचाही हात होईना आणि शोकेसमध्ये मांडायलाही होईना. टाकीबाईंना आता कुठे जायचं नव्हतं. तरी त्या ठरल्या वेळी उठायच्या, चष्मा पुसायच्या, आणि चष्म्यावर पुट नाही हे लक्षात आलं की पुन्हा अंथरुणावर टेकायच्या. फोन वाजला की आधी ताई धावायची. सांगण्यासारखं काही नसायचं. केंद्रातून बोलावणं येईपर्यंत थंडी संपत आली होती. डॉक्टर बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "येऊन बघा."

"म्हणजे जगलीत की मेलीत?" ताईने विचारलं.

"येऊन बघा म्हणाल्या."

"मेली असती तर कशाला बोलावतील?"

"डॉक्टर लोक बोलावतात. सांगायला."

बसच्या प्रवासात दोघी या विषयावर दुसरं काही बोलल्या नाहीत. केंद्राची लहानशी मोटरबोट होती. ताई एका बाजूने चढली ती दुसऱ्या बाजूने पडायचीच बाकी होती. मग मधल्या फळीवर कडा घट्ट पकडून बसली, हनुवटी वर करून. लाटा होत्या. डॉक्टर बाईंनी गोळी पुढे केली. ताई म्हणाली, "काही होत नाहीये मला," आणि खरंच तिला काही होत नव्हतं. टाकीबाईंचीच मान ताठ होती.

दोऱ्या बांधल्या होत्या तिथे बोट थांबली. डॉक्टर बाईंनी बुडाला काच बसवलेली बादली दिली. ती पाण्यात दाबायची आणि वरून आत बघायचं. टाकीबाईंनी बादली घेतली, मांडीवर ठेवली, काच पुसली, पुन्हा पुसली.

"बघ की," ताई म्हणाली.

"आधी तू बघ."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"रंग कळतो ना? रंग सांग फक्त."

ताईने बहिणीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि बादली घेतली. मग ती फळीवरून खाली उतरली, बोटीच्या कडेशी चक्क पालथी झाली, बादली पाण्यात दाबली आणि तोंड आत घातलं. पाणी बोटीच्या अंगावर चुबुकचुबुक आपटत राहिलं.

"काय दिसतंय?"

ताईने बादली आणखी खाली दाबली.

"ताई, पांढरी आहेत का? सांग. पांढरी असली तरी सांग."

"तपकिरी," बादलीतून ताईचा घुमणारा आवाज आला. "सगळी नाहीत. पण आहेत, दोरीवर ओळीने. तपकिरी, घाणेरडी. आणि बारके, टोकाला ते निळं काय आहे? उजेडासारखं?"

टाकीबाईंनी डॉक्टर बाईंकडे बघितलं, डॉक्टर बाईंनी होकाराची मान हलवली. मग टाकीबाईंनी नाक पुसलं, चष्मा वर सरकवला आणि त्याही कडेशी आल्या.

"झालं. आता मला बघू दे."

"थांब. एक मासा आलाय. आत गेला. थांब, परत येतोय."

"ताई, दे ना गं इकडे."

"तू लहानपणापासून बघतेयस," ताई म्हणाली, तोंड बाहेर न काढता. "जरा थांब."

टाकीबाई पाय आखडून तिच्या शेजारी बसल्या आणि थांबल्या.